अप्पांची साईड

अप्पा, तुम्हाला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. तुमच्यापुढं मी कधी एवढं सलग बोलले नाही, तर लिहिणार काय कपाळ! तुम्ही एसटी चालवून ड्युटीवरून आलात की घरातला रेडिओ खाली, आमचे आवाज खाली, आणि अव्वा चुलीपुढून नुसती हातानं खुणवायची, दमून आलेत, गप बसा. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आई म्हणून दटावायला अव्वाही राहिली नाही, म्हणून हिंमत करून राहिले. दुपारची वेळ आहे. मेसमधल्या पोरी क्लासला गेल्यात, भांडी घासून पालथी पडलीत, संध्याकाळची कणीक मळायला अजून अवकाश आहे. हो, मेस. तुम्ही होता तेव्हा मी नांदेडला आत्याच्या घरात चार डबे करत होते, आता लातूरला माझी स्वतःची मेस आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरींना जेवू घालते. पार देवणीपासून इस्लापूरपर्यंतच्या पोरी आहेत, आणि वरण पातळ झालं म्हणून रोज माझ्याशी भांडतात.

परवा त्यातलीच एक जेवता जेवता इंग्रजीचं जाडजूड पुस्तक उघडून बसली होती. म्हणाली, ‘मावशी, बघा ना, साईड एवढासा शब्द, अन् अर्थ किती दिलेत, पान भरलं!’ मी म्हणलं, बाई गं, आमच्या अप्पांना विचारलं असतंस तर आणखी एक पान लागलं असतं. खरंच की. तुम्हाला इंग्रजी येत होतं ते सगळं गाडीतलं, आणि त्यातही हा एक शब्द तुम्ही मिठासारखा कशातही घालायचात. पुढच्या ट्रकनं वाट सोडली की ‘साईड दिली बिचाऱ्यानं’, नाही सोडली की ‘साईड देईना बेणं’. पावसाळ्यात ‘साईडपट्टी खचली’. काका गवंडीकामाला गेला की ‘साईडवर गेलाय’. बिदरकडचा पाहुणा आला की ‘तुमच्या साईडला तुरीचं कसं काय?’ शेजारीण ब्लाऊज शिवायची तो तिचा साईड धंदा, आणि अव्वाच्या गोळ्या तुम्ही बंद केल्या त्या ‘साईड मारतात’ म्हणून. मी दहावी पास झाले तेव्हा पेढ्यांच्या आधी तुम्ही विचारलंत, ‘आता कोणती साईड घेणार?’ मी म्हणलं, सायन्स. तुम्ही म्हणालात, ‘जमंल?’ मी म्हणलं, जमंल. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीचा एक जुना साईडचा आरसा घेऊन आलात, डेपोत बदलून टाकलेला, एका कोपऱ्याला तडकलेला. स्वयंपाकघराच्या भिंतीत खिळा ठोकून तो लावलात आणि म्हणालात, ‘कॉलेजला जाताना येणी घालायला.’ त्यात तोंड लहान दिसायचं आणि मागचं सगळं घर दिसायचं, चूल, अव्वा, दारातली शेळीसुद्धा. तुम्ही मला हातानं दिलेली तेवढीच एक वस्तू. ती अजून आहे, हात धुवायच्या जागेवर लावलीय, पोरी हसतात तिला.

तुमचा मार मी एकदाच खाल्लाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यासोबत नांदेडला निघाले होते आणि कंधारला कंडक्टरकाका खाली उतरलेले बघून मी बेलची दोरी दोनदा ओढली. गंमत म्हणून. तुम्ही गाडी काढलीत, आणि मागच्या दारात एक म्हातारी पायरीवर एक पाय ठेवून चढत होती. ती पडली नाही, लोकांनी धरली तिला. पण तुम्ही गाडी बंद करून मागं आलात आणि सगळ्या गाडीदेखत माझ्या थोबाडीत दिलीत. ‘मागच्या दाराचं मला दिसत न्हाई,’ तुम्ही म्हणालात, ‘बेल म्हणती ते मी खरं धरतो. हिचा जीव गेला असता तर कुणाला सांगितलं असतं? बेल म्हंजे खेळ हाय का?’ तेव्हापासून मी बघत आले. कुणी पुढारी ओरडू दे, पाहुणे खोळंबू दे, डबल बेल झाल्याशिवाय तुमची गाडी हलायची नाही. कंडक्टरकाका चहा पीत असले तर तुम्ही स्टेरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचात. लोक म्हणायचे, अप्पा, काढा की. तुम्ही म्हणायचात, ‘बेल कुठं झाली?’

सायन्स काही पुरं झालं नाही. बारावीच्या आधीच जळकोटचं स्थळ आलं, आपल्यातलंच, दुकानदार, आणि लग्नात तर तो शब्द नुसता नाचत होता. मुलाची साईड, मुलीची साईड, मुलाच्या साईडची पंगत आधी उठू द्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला मी माहेरी आले आणि परत जायचं नाव काढलं नाही. का, ते अव्वाला मी न्हाताना कळलं, तिनं पाठ बघितली तेव्हा. नवऱ्याचा हात उठायचा आणि सासू बाहेरून कडी लावायची, म्हणजे गल्लीत आवाज नको. अव्वानं तुम्हाला सांगितलं, मी आतून ऐकत होते. तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात आणि बाहेर निघून गेलात.

मग बैठक बसली. आपल्याच घरात सतरंजी टाकलेली, एका साईडला जळकोटची मंडळी, दुसऱ्या साईडला आपली, मधे पानसुपारीचं ताट. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. तुम्ही ड्युटीवरून खाकीतच आलात आणि मला वाटलं, आता माझा बाप बोलंल. तुम्ही सतरंजीवर कुठंच बसला नाहीत. उंबऱ्याशी ज्वारीचं पोतं होतं त्यावर बसलात, माझ्याकडं पाठ करून. काकाच बोलत होता सगळं. ‘भांड्याला भांडं लागतंच. पोरीनं जरा दमानं घ्यावं.’ सासरा म्हणाला, ‘आमचं काईच म्हणणं न्हाई, उद्या धाडा, झालं.’ सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही टोपी हातात फिरवत म्हणालात, ‘उद्या माझी नांदेड ट्रिप हाय. जळकोटवरनंच जाती गाडी.’ एवढंच! माझ्या पाठीबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशी तुम्हाला जेवायला मी वाढलं नाही अप्पा, अव्वानं वाढलं. तुमच्या ध्यानात आलं होतं का?

दुसऱ्या दिवसाची सकाळ झालीय. अव्वा माझी ओटी भरते, धपाट्यांची शिदोरी बांधून देते, रडत नाही, तिचं रडून झालंय. तुम्ही रोजच्यासारखा गळ्यातल्या लिंगाला हात लावता आणि गाडी सुरू करता. मी तुमच्या मागच्याच सीटवर बसलेय, तुमच्या मानेवरचा घाम बघत. आपलं उदगीर मागं पडतं, तुम्ही एकदाही मागं वळून काही म्हणत नाही. जळकोट येतं. थांब्यावर दीर उभा आहे. लोक उतरतात, चढतात, आणि मी उतरत नाही. ठरवून नाही हो, पायच उठेनात. दीर खिडकीशी येऊन पत्र्यावर थाप मारतो, ‘वहिनी, उतरा की, गाडी सुटंल.’ मी पदर डोळ्यांवर ओढते. तुमच्या डोक्यावरच्या आरशातून तुम्ही माझ्याकडं बघताय हे मला कळतंय, पण मी वर बघत नाही. वर बघितलं आणि तुम्ही डोळ्यानं ‘उतर’ म्हणालात, तर उतरावं लागेल. मग दोनदा बेल होते. गाडी हलते. एकच कालवा उठतो, लोक ओरडतात, मागं कुणीतरी पळतंय, मला वाटतं सगळं माझ्याच नावानं चाललंय. गावाबाहेर नाल्यापाशी गाडी एकदा साईडला थांबते आणि मी सीटची दांडी घट्ट धरते, आता उतरवतात. तुम्ही बाहेर कुणाशी तरी दोन शब्द बोलता. गाडी परत निघते, आणि मी पदर काढते तेव्हा लोहा येऊन गेलेलं असतं.

नांदेडच्या स्टँडवर तुम्ही मला कँटीनमध्ये नेलंत, शिदोरी सोडायला लावलीत आणि म्हणालात, ‘खाऊन घे.’ मी खाईपर्यंत समोर बसून राहिलात. मग म्हणालात, ‘आत्याकडं ऱ्हा. मी येत जाईन ट्रिपला.’ आलातही, नेमानं, अव्वानं दिलेलं काही ना काही घेऊन. सगळं केलंत, खोटं कशाला बोलू? पण इकडं उदगीरला काय झालं, तेही माझ्या कानावर आलं ना. जळकोटची मंडळी भांडायला आली तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पोरगी उतरली न्हाई. बेल झाली, मी गाडी काढली.’ नंतर तुमच्या पुतण्याच्या लग्नात, मी तिथंच पंगतीत वाढत होते, कुणीतरी मुद्दाम विचारलं आणि तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, मान खाली घालून. म्हणजे बसून राहिले ती मी, बेल दिली ती कंडक्टरनं, तुमचं त्यात काहीच नाही! ‘नांदायला नको म्हणून गाडीतून उतरली नाही ती’ हे नाव मी एकटीनं मिरवलं. मला बाकी काही नको होतं, तुम्ही चारचौघांत एकदा म्हणायचं होतं, मी माझ्या पोरीच्या साईडनं आहे. तुम्ही रिटायर झालात, थकलात, दवाखान्यात मी तुमचे पाय चेपले, तरी विचारायची हिंमत झाली नाही आणि तुम्ही बोलला नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवूनच नेलं. कपाळाला भस्माची ईबूत लावून, मांडी घालून, सजवलेल्या खुर्चीत, ताठ. सगळा जन्म बसून काढला माझ्या बापानं आणि निघाला तोही बसूनच, असं मनात आलं आणि मी हंबरडा फोडला. रस्त्यानं जाताना समोरून एक लाल गाडी आली. तिच्या डायव्हरनं गाडी साईडपट्टीवर उतरवून इंजिन बंद केलं आणि तुम्ही पुढं जाईपर्यंत हात जोडून बसला. परक्या माणसानं एवढी साईड दिली, आणि मी मात्र मागं चालताना तुमच्यावर चिडलेलीच होते.

आणि गेल्या आठवड्यात कंडक्टरकाका आले. नातीला क्लास लावायला लातूरला आले होते, कुणीतरी माझी मेस सांगितली. दात पडलेत, काठी आलीय, पण ओळखलं मला. ‘तू अप्पाची पोर न्हाई का? नांदेडपत्तर आलेली?’ मी पाट मांडला, ताट वाढलं. नात मनासारखी जेवतेय असं बघून ते खुशीत आले आणि हसत हसत म्हणाले, ‘लई पळवलं बाई तुझ्या बापानं मला त्या दिवशी जळकोटात.’ मी म्हणलं, काका, तुम्हीच तर बेल दिली होती. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. ‘मी? अगं, मी गाडीत कुठं होतो! कंट्रोलरच्या खिडकीत सही करून राहिलो होतो. बघतो तर गाडी निघालेली. तसाच पळालो, एक चप्पल तिथंच ऱ्हायली. नाल्यापाशी थांबला तवा गाठली. खिडकीखाली जाऊन भांडलो त्याच्याशी. म्हणलं, अप्पा, बेल कुणी दिली? माझ्याकडं बघंना. म्हणला, मला ऐकू आली. म्हणलं, अरे, बेल देणारा मी हितं खाली उभा हाय! तर पुन्हा तेच. मला आली ऐकू, चढ वर.’ मग काकांनी आवाज खाली केला. ‘मीबी मग सगळ्यांना सांगत गेलो, हाव, दिली होती बेल. न्हाईतर त्याच्या नोकरीवर आलं असतं. तुला ठाऊक असंल असंच वाटलं मला.’

मी काकांच्या भाकरीवर तुपाची धार धरली ती धरूनच राहिले, ते ‘बास, बास’ म्हणेपर्यंत. मग आत जाऊन तुमच्या आरशापुढं तोंड धुतलं. बेलशिवाय तुम्ही गाडी काढलीत. लेकीला थोबाडीत मारणारे तुम्ही! मागच्या दारात कोण आहे, कोण चढतंय, न बघता. आणि मला सांगितलं नाही, अव्वाला सांगितलं नाही, घेऊन गेलात सोबत. काय म्हणावं तुम्हाला अप्पा? राग गेला म्हणू तर गेलेला नाही. इतकी वर्षं मी बिनबापाची असल्यासारखी राहिले ना हो. तुम्ही समोर असता तर भांडले असते, आणि मग पायांवर डोकं ठेवलं असतं.

आता पोरी येतील, कणीक व्हायचीय. हा कागद मी पाठवणार कुठं? समाधीवर ठेवावा तर काका उचलून गावभर वाचून दाखवेल, त्यापेक्षा इथंच, पिठाच्या डब्याखाली राहू दे. फक्त एक सांगायचं राहिलं. कंडक्टरकाकांना मी बोलले नाही, ते म्हणाले असते बाई खुळी झाली. अप्पा, त्या दिवशी ती बेल मलापण ऐकू आली होती.