स्पंजांना धाप लागते का?

तीर्थरूप आत्यांना,

तुमच्या भाचसुनेचा वाकून नमस्कार, आणि या खेपेला नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकले आहे असं समजा. तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालेला डोळा आता नीट दिसतो ना? (म्हणजे डोळ्याला नीट दिसतं ना. माझी वाक्यं सध्या अशीच धडपडतात.) आम्ही इथे ठीक आहोत. म्हणजे तुमचा भाचा ठीक आहे. तो भूकंपातही ठीकच असेल. मी ठीक नाही, आणि त्याचं कारण सध्या तुमच्या पुढच्या खोलीत, नाकाला नळी लावून, गाल फुगवून बसलेलं असणार. बाबांनी, म्हणजे तुमच्या बंधुराजांनी, तुम्हाला काय सांगितलं मला माहीत नाही. "सहज आलो" एवढंच म्हणाले असतील. ऑक्सिजनचं मशीन बरोबर घेऊन कुणी सहज येत नाही, हे तुम्ही ताडलं असेलच.

तर मुळापासून सांगते. मूळ जरा लांब आहे, साठ कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हाच्या समुद्रात ऑक्सिजन अगदी जेमतेम होता, आणि साधारण त्याच सुमाराला कधीतरी पहिले प्राणी आले. यावरून आम्हा संशोधकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, आधी ऑक्सिजन वाढला, म्हणून प्राणी येऊ शकले. दुसरा म्हणतो, त्या बिचाऱ्यांना तो फारसा लागतच नव्हता. (दोन्ही तटांतले लोक परिषदेत शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना पाणीसुद्धा विचारत नाहीत.) आमचे सर दुसऱ्या तटातले, म्हणून मीही. आता त्या काळात जाऊन बघता तर येत नाही. मग त्या पहिल्या प्राण्यांसारखा साधासुधा प्राणी आजच्या समुद्रातून आणायचा, त्याच्या पाण्यातला ऑक्सिजन हळूहळू कमी करायचा आणि तो कुठवर तग धरतो ते बघायचं. हा प्राणी म्हणजे स्पंज. आंघोळीचा नव्हे, जिवंत. त्याला डोकं नाही, तोंड नाही, पोट नाही. आयुष्यभर एका जागी बसून पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो. (यावर विभागप्रमुखांसमोर हसायचं नाही असं सरांनी बजावलं आहे.) मी कित्येक महिने टाकीत नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलत होते. मीटरचा आकडा शून्याला टेकत आला होता आणि स्पंज तरीही निवांत पाणी ओढत होते. सर इतके खूश होते की त्यांनी मला चक्क नावाने हाक मारली.

त्या रविवारी तुमचा भाचा बाहेरगावी होता. बाबांना एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. मशीन घरीच ठेवलं; ते फक्त घरी बसल्यावर लागतं, असं ते सांगत. लिफ्ट बंद होती. जिन्यात ते प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरच्या सूचना वाचत होते. मला वाटलं, काय हा उत्साह! (आग लागल्यास काय करावे, हे त्यांनी तिन्ही मजल्यांवर वाचलं.) वर पोचल्यावर त्यांना खुर्ची दिली, टाकी दाखवली, सगळं समजावलं, आणि मी सरांचा फोन घ्यायला व्हरांड्यात गेले.

परत आले तर नायट्रोजनची तोटी बंद. शेजारच्या टाकीतली हवेची नळी उपटून आमच्या टाकीत खुपसलेली. बुडबुडे नुसते उसळत होते. आणि बाबा, ज्यांनी उभी हयात शाळेच्या मैदानावर मुलांकडून कवायत करून घेतली, ते टाकीसमोर ताठ उभे राहून स्पंजांना सांगत होते, "श्वास आत! श्वास बाहेर!"

आत्या, तेव्हा हसू यायला हवं होतं. मी किंचाळले.

ते म्हणाले, "अगं, आकडा बघ किती खाली गेला होता. धाप लागली होती त्यांना."

"बाबा, ते स्पंज आहेत. स्पंजांना धाप लागत नाही."

"तुला काय ठाऊक? तुला लागलीय कधी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "तुम्हाला आणलं हीच माझी चूक. घरीच ठेवायला हवं होतं, कुलूप लावून."

त्यांनी हवेची नळी परत शेजारच्या टाकीत लावून ठेवली, हात पुसले, आणि म्हणाले, "चल." बस्स. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले असताना ते तुमच्याकडे निघून आले. खालच्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, "सासरे जिन्यात बसत बसत उतरले हो. हल्ली रोजच बसतात. सुनेला सांगू नका म्हणाले, ती मोठ्या कामात आहे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात त्या भिंतीवरच्या सूचनांचा उजेड पडला. साठ कोटी वर्षांपूर्वी कुणाला किती ऑक्सिजन पुरत होता हे मी छातीठोक सांगते, आणि माझ्या मागे चार पायऱ्यांवर एक माणूस तोंड उघडं टाकून उभा होता, तो मला दिसला नाही.

प्रयोगाचं म्हणाल तर तो गेला. एकदा हवा शिरली की आधीचे आकडे बाद. सर ओरडले नाहीत, पुन्हा मला आडनावाने हाक मारू लागले. परिषदेतलं माझं भाषण रद्द झालं. त्या जागी पहिल्या तटातला एक जण बोलणार आहे. हे सगळं भरून निघेल. ते कुलपाचं वाक्य मात्र कसं भरून काढायचं, ते कुठल्याही तटाला माहीत नाही.

तब्येतीला जपा. भाचा नमस्कार सांगतो (ठीक आहे).

तुमची,
भाचसून

ता. क. : ते स्पंज फेकून द्यायला सांगितले होते. मी फेकले नाहीत. खिडकीपाशी साध्या टाकीत ठेवलेत, हवा पूर्ण सोडून. जगले आहेत. बाबांना सहज बोलता बोलता सांगाल का?

ता. क. २ : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं : नवे स्पंज आलेत, आणि तोटी फिरवायला माझा हात होत नाही. सरांना खोटंच सांगितलंय, नायट्रोजनचा सिलेंडर आलेला नाही. बाबांना परत पाठवा. तळमजल्यावरची जागा बघून ठेवली आहे, जिना नाही. पाठवायला जमत नसेल तर मी न्यायला येते.

ता. क. ३ : हे पत्र त्यांना अजिबात दाखवू नका. त्यांचा चष्मा इथेच राहिला आहे, म्हणून अक्षर एवढं मोठं काढलं.