दहाव्याला न दिलेले केस

बाबा, काल घरी तुमच्या नावानं पान वाढलं. दरवर्षीसारखं सगळं धाकट्यानंच केलं. मी थोरला असून ओटीवर बसून होतो, पाहुण्यांना पाणी देत होतो आणि कुणाच्या नजरेला नजर भिडू नये म्हणून अंगणाकडं बघत होतो. मला बोलवायचं नाही असं कुणी ठरवलेलं नाही. पण नऊ वर्षांपूर्वी तुमच्या दहाव्याला नदीवर जे झालं, त्यानंतर तुमच्या कार्यात कुणी मला हाक मारत नाही आणि मीही आपणहून उठत नाही. काल जेवणं उरकल्यावर आईनं एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ती तिनं पोटात ठेवली होती. ती ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझे केस कसे होते ते तुम्हाला आठवत असेल. आयटीआय पास झालो त्या पावसाळ्यात निकाल सांगायला मी तुमच्या आश्रमशाळेवर आलो होतो, उंबरमाळीच्या बाजूला. एसटीतून उतरून भिजत भिजत डोंगर चढलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पहिलं काम काय केलं, तर खिशातला कंगवा काढून केस विंचरले. तुम्ही डाळीच्या पातेल्यावर वाकला होतात. मान वर केलीत, निकाल विचारला नाहीत, हातातला डाव तसाच उगारून माझ्या अंगावर आलात. "भायेर हो! सैपाकघरात कंगवा? हितं अडीचशे पोरं जेवतात. येक केस निघाला तर तोंड दाखवायला जागा नाय मला." त्या वेळी मला फार राग आला. तुमचं डोकं कायम गोटा. दर पंधरा दिवसांनी न्हाव्यापुढं बसून तुम्ही ते करून घ्यायचात. स्वयंपाकी झालात तेव्हापासूनचा तुमचा तो नेम होता. तुमच्या लेखी केस म्हणजे अन्नात पडायची वस्तू. मग माझं दुःख तुम्हाला कसं कळणार, असं मी पुढं कित्येक वर्षं धरून चाललो. संध्याकाळी पोरं जेवून गेल्यावर तुम्ही मला जवळ बसवून गरम भात वाढलात, वर तुपाची धार सोडलीत आणि म्हणालात, "आता सांग, किती मार्क पडलं?" हे मात्र मी सोयीनं विसरायचो.

वाशिंदच्या कारखान्यात लागलो तेव्हा तुम्ही मला दोन पुडांचा स्टीलचा डबा आणलात. पहिल्या दिवशी तो स्वतः भरलात, झाकण दाबून बघितलंत आणि म्हणालात, "सध्या येवढा बास. लगीन झालं का मोठा घेऊ." तो मोठा डबा घ्यायची वेळ कधी आली नाही. चोविसाव्या वर्षी केस जायला लागले. उशीवर, टॉवेलवर, आंघोळीच्या मोरीत. अठ्ठाविसाव्या वर्षी पुढून मधल्या डोक्यापर्यंत सगळं मोकळं झालं. मुली बघायला सुरुवात केली होती. शहापूरच्या त्या घरी तुम्ही, आई आणि मी गेलो होतो तो दिवस मी विसरू शकत नाही. मुलीच्या आत्यानं मला वडीलधाऱ्यासारखं आधी पाणी दिलं, दाराकडं बघितलं आणि विचारलं, "मुलगा मागनं येतोय का?" मग तुम्हीच हसून म्हणालात, "हाच मुलगा. माझ्यावर गेलाय, डोकं लवकर तापतं, म्हणून वरचं छप्पर काढून ठेवलंय." सगळे हसले. तुम्ही मला सावरायला बोललात हे आज कळतं. तेव्हा मुरबाड येईपर्यंत मी तुमच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्यांचा नकार आठ दिवसांत आला. त्याच्या आधी तीन आले होते, नंतर दोन आले.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही घरी होतात. मी कारखान्यात घरच्या कामाची रजा टाकली आणि मुंबईतल्या एका दवाखान्यात जाऊन केस लावून घेतले. डोक्याच्या मागून कातड्याची एक लांब पट्टी कापतात, तिच्यातले केस एकेक सुटे करतात आणि पुढच्या मोकळ्या जागेत बारीक भोकं पाडून बसवतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तिथं पडून होतो. मागं टाके, पुढं रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. दहा दिवस धक्का नको, घाम नको, ऊन नको. महिन्याभरात हे लावलेले केस गळून जातील, घाबरायचं नाही, मुळं आत राहतात, चार महिन्यांनी नवे फुटायला लागतील. खरं काय ते वर्षानंतर दिसेल. मी सगळ्याला मान डोलावली. घरी आलो तो टोपी घालून, आणि तुम्हाला सांगितलं की मशीनवर डोक्याला लागलं, टाके पडलेत.

तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. डॉक्टरांनी डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलंय म्हटल्यावर तुम्ही भाताच्या दोन गोण्या भिंतीला लावून त्यावर गोधड्या टाकल्यात आणि मला टेकायला उतरण करून दिलीत. बाहेर भातकापणी चाललेली. धाकटा एकटा शेतात राबत होता आणि तुम्ही माझ्यासाठी पेज ढवळत बसला होतात. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून खाली उतरली, दोन्ही डोळे मिटून गेले. मला काही दिसत नव्हतं, फक्त तुमचा आवाज ऐकू येत होता. "केवढं सुजलं रे हे. थांब, हळद लावतो जरा." तुमचा हात टोपीपाशी आल्याचं जाणवलं आणि मी ओरडलो, "हात लावू नका!" इतक्या जोरात की आई चुलीपासून उठून आली. मग वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर तुम्ही मला हात लावला नाहीत.

सातव्या दिवशी तुम्ही सकाळीच कुठंतरी गेलात आणि दिवेलागणीला परत आलात. कुठं गेला होता, असं मी विचारलं. "शहापूरला. साळंचं काम व्हतं," एवढंच म्हणालात आणि माझ्यासाठी पेज ठेवायला चुलीकडं गेलात. नवव्या दिवशी पहाटे तोंड धुवायला म्हणून अंगणात गेलात आणि तिथंच पडलात. मुरबाडला न्यायला जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अग्नी मीच दिला. डोक्याला टोपी, टोपीवरून उपरणं. जखम आहे म्हणून कुणी काही बोललं नाही. काका म्हणाले, "आता राहू दे. दहाव्याला बघू." तिसऱ्या दिवशी मी सुतकातून उठून मुंबईला टाके काढायला गेलो. बाबा, खरं पाप तिथं झालं असं मला वाटतं. डॉक्टर समोर होते. वडील गेलेत, आठवड्यानं केस द्यायचे आहेत, चालेल का, एवढं एक वाक्य विचारायचं होतं. मी विचारलं नाही. ते हो म्हणतील अशी मला भीती वाटली.

दहाव्याला सगळी भावकी नदीवर जमली. न्हावी दगडावर वस्तरा घासत बसला होता. काका म्हणाले, "बस रे खाली. तू थोरला, आधी तुझे." मी म्हणालो, डॉक्टरांनी मनाई केलीय. "आरं वस्तरा नको तर नको. कात्रीनं वरच्यावर काढल तो. तुझ्या बापाचं हाय हे, परक्याचं नाय." न्हाव्यानंही वस्तरा खाली ठेवून कात्री घेतली. मी तरी नाही म्हणालो. मग काका म्हणाले, "बघू दे तरी कुठं लागलंय," आणि मी मागं सरकायच्या आत त्यांनी टोपी काढली. उन्हात माझं डोकं उघडं पडलं. कपाळावर ओळीनं बसवलेले बारीक केस, प्रत्येकाच्या बुडाशी काळी खपली. क्षणभर कुणाला कळेना. मग आपला चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, "आयला, ह्यानं तर डोक्यात भाताची आवणी केलीय!" कुणीतरी हसलं. बाबा, तुमच्या दहाव्याला नदीवर माणसं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी टोपी माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात धाकटा पुढं आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, तू उठ. मी बसतो." मी उठलो. तो बसला. त्याचे दाट काळे केस पाण्यात पडत होते आणि मी टोपी धरून बाजूला उभा होतो. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "बापासाठी येवढं नाय झालं तुझ्यानं?"

त्याच आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसेच, टोपीच्या आत, खपलीसकट. ज्यांच्यासाठी तुम्हाला नाकारलं ते पंधरा दिवसांत केरात गेले. धाकट्याचे केस दोन महिन्यांत पूर्वीसारखे झाले. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना शेवटी विचारलंच. ते सहज म्हणाले, "कात्रीनं काढले असते तर काहीच बिघडलं नसतं. मुळं आत असतात, तुम्हाला सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं.

कामावर परत गेलो तेव्हा सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझे वडील आले होते रे इथे, गेटवर. मला म्हणाले, माझ्या पोराला कुठल्या मशीनवर लागलं ती दाखवा, आणि दवाखान्याचं काय ते बघा. मी म्हटलं, त्याला काही लागलेलं नाही, तो घरच्या कामासाठी रजेवर आहे." मी विचारलं, मग काय म्हणाले? तो म्हणाला, "काही नाही. पाणी प्यायले. आणि म्हणाले, मग माझीच ऐकण्यात चूक झाली असंल, तुमी त्याला काय बोलू नका." म्हणजे सातव्या दिवशी तुम्ही शहापूरला गेला नव्हता. वाशिंदला, माझ्यासाठी भांडायला गेला होतात आणि माझं खोटं पदरात घेऊन परत आलात. नऊ वर्षं मी हेच समजत होतो की माझ्यावरचा राग गिळून तुम्ही गेलात.

काल आई म्हणाली, त्या रात्री तुम्ही तिला सगळं सांगितलं होतंत. तिनं विचारलं होतं, मग पोरानं डोक्याचं केलं तरी काय? तुम्ही म्हणालात, "केसांचं काय तरी केलं असंल. त्या शहापूरच्या बाईचं बोलणं लागलंय त्याला, आणि मी मूर्ख वरनं हसलो. तू काय इचारू नको. लाजंल तो. सांगंल आपणहून." तुम्हाला सगळं कळलं होतं, बाबा. आणि रागावला नव्हतात. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं नाही. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. तुम्ही तर मी सांगेन म्हणून वाट बघत होतात, आणि त्यानंतर आपल्याला एकच अख्खा दिवस मिळाला. त्या दिवशी मी गोण्यांना टेकून हातात आरसा धरून बसलो होतो.

शेवटी काय झालं तेही सांगतो. वर्ष सरलं तेव्हा पुढं विरळ केस आले. डॉक्टर म्हणाले, आता एवढेच. नंतर त्यांच्या मागचे माझे मूळचे केसही गेले. आता कपाळावर एक पट्टी उरली आहे आणि मागं सगळं मोकळं आहे. धड टक्कलही नाही. लग्न झालं नाही. नंतर नंतर बघणंही थांबलं. वाशिंदला खोली घेऊन राहतो, सणासुदीला गावी येतो. धाकटा कधी एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुम्हाला पोचायची तर सोयच नाही. धाकट्याच्या हाती लागू नयेत म्हणून वाशिंदला गेलो की फाडून टाकीन. आईला वाचता येत नाही, म्हणून तर तिच्या देखत बसून एवढं लिहू शकलो. पण एक राहिलं आहे, आणि ते तिच्यापासूनच लपवलेलं आहे. तुम्ही गेल्यावर सहाव्या महिन्यात मी एका दुपारी घरामागं जाऊन खूप रडलो. आई शोधत आली. माझ्याजवळ मातीत बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "रड, बाबा. तुझा बाप गेल्यापासनं तुझ्या डोळ्याला पाणी नाय आलं, मला घोर लागला व्हता. गेलेलं माणूस येत नाय रे." तेव्हापासून तिनं मला नदीवरच्या गोष्टीबद्दल माफ केलं. त्या दिवशी सकाळी मी आरशात बघितलं होतं आणि सहा महिने झाले तरी कपाळावर काही उगवलं नव्हतं. मी त्यासाठी रडत होतो. तिला मी ते सांगितलं नाही.