बिनहातच्याची गणितं

गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे ठीक आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांच्या उजव्या हातात आता चमचा टिकतो, कठडा धरून जिनाही उतरतात. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. मी बरी आहे, झोप तेवढी पुरत नाही.

तू फोनवर रोज विचारतेस, "गणितं?" मी सांगते, "सगळी बरोबर." ते खोटं नाही. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सुचवल्यापासून रोज चहा झाला की मी पाटीवर वजाबाक्या मांडते आणि बाबा सोडवतात. ८७९ वजा ३४५. एकक, दशक, शतक, खाली रेघ, पाचशे चौतीस. कधी चार आकडीसुद्धा देते. चुकत नाहीत.

त्यावर विसंबून तू औषधांच्या दुकानाच्या मालकांना "बाबा ठणठणीत आहेत" असं कळवलंस. सोमवारपासून ते पुन्हा काउंटरवर उभे राहणार. पांढरा शर्ट त्यांनी स्वतः इस्त्री केला, कॉलर जराशी करपवली. शेजारच्या काकूंना म्हणाले, "माझ्यावाचून दुकानच लंगडायला लागलं होतं!"

ताई, आकडे मी निवडून देते. वरचा प्रत्येक आकडा खालच्यापेक्षा मोठा असेल, असेच. हातचा घ्यायची वेळच येऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी हातच्याचं घातलं होतं, तर त्यांनी पाटी सरकवली आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुन्हा धीर झाला नाही.

काल त्यांनीच ओळखलं. पाटीकडे बघत म्हणाले, "काय गं, मला ताप आहे का?"

आठवतं ना? बाबा आपल्याला घरी शिकवायचे तेव्हा तापातसुद्धा गणिताला सुट्टी नसायची. फक्त त्या दिवशी हातच्याचं एकही नसायचं.

"नाही हो, बाबा."

"मग मास्तरीणबाई, धडधाकट माणसाचं गणित घाला की."

मी ५२ वजा ३८ घातलं. दोनातून आठ जाईनात, तसे ते थांबले. मग त्यांनी आठातूनच दोन काढले. उत्तर लिहिलं, २६. इतके खूश झाले! "जमतंय की. बरोबर ना गं?"

मी "हो" म्हटलं.

हे मात्र खोटं. दुकानात कुणाच्या तरी आईच्या गोळ्या ते मोजून देतील, दिवसातून किती घ्यायच्या ते सांगतील, आणि समोरचा माणूस विश्वासानं घेऊन जाईल.

फोनवर बाबा शेजारीच असतात, म्हणून हे पत्र काकूंच्या हाती आजच पाठवतेय; मिळताच मालकांना फोन करून सोमवारचं थांबव. बाबांनाही तूच सांग, असं मी लिहिलं होतं, ते खोडलंय. "हो" मी म्हटलं, तर "नाही" मीच म्हणायला हवं. पण ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होईल, ते एकटीनं बघायची ताकद आता उरलेली नाही. शनिवारी ये. बोलू नकोस काही. नुसती माझ्या शेजारी बस.

फार दमलेली,
तुझी धाकटी