गैरहजर राहण्याचे कारण

सोम. ३ फेब्रु.
काशीबाईचा दावा आज गेला. माझ्यामुळे गेला. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

सकाळच्या एस.टी.नं आली, कोर्टाबाहेर माझ्या टायपिंगच्या टेबलाशी बसली. आज तिची साक्ष होती. तिचे वकीलसाहेब नगरला दुसऱ्या कामात, दुपारपर्यंत येतो म्हणाले होते. बाराच्या सुमारास हळूच कानाशी, "ताई, कुटं जायाचं?" बायकांच्या संडासाला कुलूप. पाणी नाही म्हणून कुलूप, दिवाळीपासून. मी म्हटलं, भिंतीमागं ओढ्याच्या बाभळींत जाऊन या, तुमचा नंबर तेविसावा, तासभर तरी काही होत नाही. इतकी वर्षं बोर्ड बघतेय ना मी. मोठी शहाणी.

आज वरच्या सगळ्यांना पटापट तारखा पडल्या. दहा मिनिटांत पुकारा. पळत दारात गेले, "आहे, आहे, आलीच." शिपाई म्हणाला, "आलीच म्हंजी? हाय कुटं?" आत सगळे पुरुष. पुढच्या बाकावर तिचा पुतण्या, शेजारी त्याचा वकील. सगळे माझ्याकडे बघतायत. लघवीला गेलीय, एवढंच म्हणायचं होतं. तोंडच उघडेना. तीन पुकारे झाले. वादी गैरहजर, दावा काढून टाकला.

ती पदर नीट करत आली. "आलं का नाव?" मला तेही सांगता येईना.

बुध. ५ फेब्रु.
वकीलसाहेब चिडलेत, पण स्वतःवरही असावेत. म्हणाले, दावा पुन्हा सुरू करायचा अर्ज देऊ, तीस दिवसांची मुदत आहे. तोवर हाल. नवरा गेल्यापासून पुतण्या तिला घराबाहेर काढायला बघतोय, घराला हात लावायचा नाही अशी कोर्टाची मनाई होती. दाव्याबरोबर तीही गेली.

अर्जात एक कलम लागतं, गैरहजर राहण्याचे कारण. आणि ते शपथेवर. साहेब म्हणाले, ताप टाका, दाखला आणू. मी म्हटलं, समोरच्या वकिलानं सकाळी तिला माझ्या टेबलाशी चहा पिताना पाहिलंय. नमस्कारसुद्धा केला. मग म्हणाले, "मग खरं लिहा. नैसर्गिक विधीसाठी गेली होती. त्यात काय?"

काशीबाई उठूनच उभी राहिली. "न्हाई. त्ये लिवायचं न्हाई."

गुरु. ६ फेब्रु.
तिला समजावलं. लई समजावलं. अहो, माणसाचा धर्मच आहे तो, कोर्टालाही कळतं. तर म्हणते, "कळू द्या की. पन त्यो पुतन्या कागद गावात न्हील. पारावर वाचून दावील, म्हातारी कुटं बसली हुती. मला त्याच गावात ऱ्हायाचंय ताई." वर म्हणते, "फडात बरं हुतं. कोपरगावला ऊस तोडायला जायचो, चारी बाजूनं ऊस. आडोसा तरी असायचा."

मला स्वतःला दारात उभं राहून एक शब्द बोलवला नाही.

सोम. १० फेब्रु.
दुसऱ्या एका वकिलांचा अर्ज टाइप केला. "मॅडम, तो सन्मानाचा पॅरा टाका." लॅपटॉपमध्ये तयारच असतो. *प्रत्येक व्यक्तीस प्रतिष्ठेने जगण्याचा मूलभूत अधिकार आहे, सबब...* कॉपी, पेस्ट. खाली 'जि. अहिल्यानगर' टाइप केलं (तोंडात अजून नगरच). मग रोजच्यासारखी पाच वाजेपर्यंत दाबून बसले. सकाळी अर्धा ग्लास पाणी, मग घरी गेल्यावर. पुन्हा जळजळ सुरू झालीय. डॉक्टरीणबाई म्हणतात भरपूर पाणी प्या. पिते बाई, पण जाऊ कुठं?

हसूही येईना आज.

गुरु. १३ फेब्रु.
कुलपाबद्दल विचारायला कोर्टाच्या ऑफिसात गेले. "लेखी द्या." सबंध तालुक्याचे अर्ज मी लिहिते आणि मला म्हणे लेखी द्या. दिलं. दोन प्रतींत.

सोम. १७ फेब्रु.
काशीबाईचा फोन. पुतण्यानं तिच्या अंगणात खडी आणून टाकलीय, दारापर्यंत. हात लावला नाही म्हणतो, फक्त ठेवलीय. आत-बाहेर करायला ढिगाऱ्यावरून चढावं लागतं. काल पडली. गुडघा सुजलाय. "अर्ज लवकर करा की ताई." मी म्हटलं, मावशी, कारण काय लिहू?

गुरु. २० फेब्रु.
लेखी उत्तर आलं. *सदर इमारतीत महिला स्वच्छतागृह उपलब्ध आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.* उपलब्ध आहेच की. कुलपाच्या आत. असा संताप आला की कागद फाडणार होते, पण सवयीनं फाइलला लावला.

मंगळ. २५ फेब्रु.
साहेबांना विचारलं, मीच प्रतिज्ञापत्र दिलं तर? की मी तिला पाठवलं, मी दारात होते, मला बोलता आलं नाही. म्हणाले, "द्या. पण उलटतपासणीत विचारतील, मॅडम, तुम्ही रोज कुठं जाता? उत्तर द्याल?" चेष्टा नव्हती करत ते. आणि माझं दिलं तरी त्यात ती कुठं गेली होती ते येणारच. शिवाय तिची शपथ लागतेच. म्हणजे फिरून तिथंच.

घरी यांना सांगितलं. "तुला रोज तिथंच बसायचंय, विचार कर." केला. रात्रंदिवस तोच तर चाललाय.

शुक्र. २८ फेब्रु.
एस.टी. चुकली असं लिहू का? खोटं. ताप? खोटं, आणि समोरचा पाच मिनिटांत उघडं पाडेल. मग घर कायमचंच गेलं. खरं लिहिलं तर दावा बहुतेक उभा राहतो, साहेबांना खात्री आहे.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "तिला कुठं वाचता येतं? खरं टाइप करा. तिला ताप म्हणून वाचून दाखवा. अंगठा घ्या. घर वाचेल म्हातारीचं." वाईट माणूस नाहीत ते. फी मागितलेली नाही अजून. मी म्हटलं, खाली आपणच लिहितो ना, वाचून दाखवले व समजावून सांगितले. "मॅडम, मुदत पाच तारखेला संपते."

सोम. ३ मार्च
पुन्हा विचारलं तिला. शेवटचं म्हणून. "ताई, मानूस गेलं, पोर न्हाई, जमीन न्हाई. येवढं एक झाकून ठिवलंय, त्ये बी कोर्टात उगडं करू?" मी म्हटलं, घर जाईल. "जाऊ नगा दिऊ." घर जाऊ द्यायचं नाही, आणि ते लिहायचं नाही. तिचं बरोबरच आहे. दोन्ही तिचीच आहेत. मला राग तिचा आला, मग रडू आलं. टेबलावर गिऱ्हाईक बसलेलं, म्हटलं डोळ्यांत धूळ गेली.

मंगळ. ४ मार्च
उद्या शेवटचा दिवस. दोन प्रती काढून ठेवल्यात. कलम चार, एकीत ताप, एकीत खरं. माझंही प्रतिज्ञापत्र काढलंय, सही केलेली नाही. खरं असलेली प्रत हातात घेऊन मोठ्यानं तापाचं वाचून बघितलं. जमतं. एवढं सहज जमेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिचा फोन. सकाळच्या पहिल्या गाडीनं येते म्हणाली. "ताई, काय लिवलंय त्ये मला इचारायचं न्हाई. तुमी वाचून दावलं की मी अंगठा देते. माजा तुमच्यावर इस्वास हाय."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.