टाकीतलं मीठ

सोनपेठ,
११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. दाजींचा गुडघा बरा असेल, कापूस घरात आला असेल. रीत म्हणून विचारलं. खरं सांगू, आज मला तुमच्या खुशालीशी काही देणंघेणं नाही. फोनच करणार होतो, पण तुझा आवाज कानावर आला की मी अजूनही आठवीतला पोरगा होतो. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस ना. म्हणून कागद.

मासे मेले. चारही. भाऊबीज करून तू ताडकळसला निघालीस तेव्हा दोन जिवंत होते, दुसऱ्या दिवशी तेही गेले.

तुला दहादा सांगितलं होतं, त्या काळ्या पट्ट्यांच्या माशाला काही झालेलं नाही. तो कार्डिनल जातीचा नर. मादीची अंडी तो तोंडात धरतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत वीस-पंचवीस दिवस अन्नाला शिवत नाही. चौदा दिवस झाले होते. तुझी भावजय राणी रोज कॅलेंडरवर टिंब करत होती. तो घाबरला तर अंडी टाकून देतो, म्हणून आम्ही दिवाळीत टीव्हीसुद्धा हळू लावला. आणि तू? "उपाशी मरायलाय बिचारा, कुणाची तरी नजर लागली," म्हणत, आम्ही बाजाराला गेलो तेवढ्यात त्याची दृष्ट काढलीस. मिरच्या-मोहऱ्या गॅसवर जाळल्यास आणि मीठ माशांच्या टाकीत ओतलंस. मूठभर नाही, जाड्या मिठाची अख्खी पिशवी! वर मलाच म्हणालीस, "समिंदराचाच मासा हाय, मिठानं काय व्हतंय?" अगं, त्या पाण्यातलं मीठ राणी काट्यावर तोलून घालते. एक फोन करून विचारायला काय झालं होतं?

बरं, चूक झाली. मायेपोटी झाली, तेही मान्य. नुसत्या माशांसाठी मी कागद घेऊन बसलो नसतो.

पण पाण्यातली अंडी गाळणीनं वेचत बसलेल्या राणीला तू काय म्हणालीस? "वांझोटीच्या हाताला मासा तरी कसा फळंल?" तिनं गाळणी धुतली, बॅग भरली आणि पूर्णेला भावाकडे निघून गेली. आज आठवा दिवस. माझा फोन उचलत नाही.

नऊ वर्षं तू तिला हे ऐकवतेस. कुणाच्या ओटीभरणाला गेलो की तिला मागं उभी करतेस. लाज वाटत नाही तुला? आणि मला? तू ते बोललीस तेव्हा मी दारातच होतो, हातात भाजीची पिशवी घेऊन. गप्प.

ही टाकी घरात कशी आली, ते मी तुला कधी सांगितलंच नाही. नांदेडला ज्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं मूल होत नाही म्हणून तपासून घ्यायला जायचो, तिथं बाकासमोर तशीच टाकी होती. रिपोर्ट आला त्या दिवशी राणी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आपण मासे पाळू." रिपोर्टमध्ये तिच्यात काहीच दोष नव्हता. दोष माझ्यात आहे, अक्का. माझ्यात. घरी सांगू नको, असं मीच तिला बजावलं होतं. तिनं नाही सांगितलं. तू बोलत राहिलीस, ती ऐकत राहिली, आणि मी जेवत राहिलो.

हा कागद दाजींना वाचून दाखव. शेजारच्या कमलबाईला दाखव. नाहीतरी तिच्या ओट्यावरच राणीचा विषय निघतो.

उद्या पहिल्या एसटीनं मी पूर्णेला जातोय. तिच्या भावासमोर, भावजयीसमोर हे मोठ्यानं सांगणार आहे. ती परत येईल की नाही, ठाऊक नाही. नाही आली तर तिचं काही चुकलं नाही. तू तिच्या पायाशी बसून माफी मागेपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस, पुढच्या भाऊबीजेलासुद्धा नाही.

राणीचा नवरा,
आदिनाथ