बुवांच्या मागची जागा

गिरगाव,
२० जानेवारी १९५८

प्रिय कमलाकांत,

सप्रेम नमस्कार. ('सप्रेम' हे हातवळणाने पडले. पडले ते राहू दे.)

प्रथम तक्रार, आणि ती गंभीर आहे. बारा तारखेची सकाळची गाण्याची बैठक संपल्यावर तू माझ्या वहाणा घालून गेलास. नव्या, कोल्हापुरी, अजून करकरणाऱ्या. माझ्यासाठी मागे ठेवल्यास त्या तुझ्या, डावा अंगठा तुटलेल्या. भरतानेही थोरल्या भावाच्या पादुका नेल्या होत्या. पण त्याने त्या मागून नेल्या, मस्तकावर नेल्या आणि सिंहासनावर ठेवल्या. तू माझ्या वहाणा पायात घालून ठाकुरद्वाराकडे जवळजवळ पळत सुटलास, असे जयवंत पानवाला शपथेवर सांगतो. तो अंगठा मी शिवून घेतला आणि गेला आठवडाभर तुझ्या वहाणांनी शाळेत जातो आहे. मुले म्हणतात, सरांची चाल बदलली. वकिलाच्या वहाणा घातल्यावर ती सरळ कशी राहणार?

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाला टपालाने पत्र कशाला, असे तू म्हणशील. तोंडी बोलायला आलो तर तू बोलशील, आणि तू बोललास की मी ऐकतो. इंग्रजी पहिलीच्या बाकापासून हेच चालत आले आहे. शिवाय मी येऊन गेलो. सुमतीवहिनींनी चहा दिला. तू समितीच्या कामाला गेला होतास. खुंटीवर तुझा कोट होता, आतल्या खोलीत कोणीतरी हुबेहूब तुझ्यासारखे खोकत होते, पण तू समितीच्या कामाला गेला होतास.

बाकी घरी क्षेम. आमच्या नलूच्या सासरची मंडळी संक्रांतीला येऊन गेली. तुझ्या घरचा तिळगूळ पोचला, तेव्हा गोड बोलण्याचे बंधन माझ्यावर आहे. जमेल तितके पाळतो.

आता त्या वहाणांमुळे काय झाले ते ऐक. वहाणा सापडेनात, म्हणून मी पायरीवर बसून राहिलो. मंडळी पांगली. तेवढ्यात धोंडूबुवा शाल सावरत बाहेर आले. गाणे झाल्यावर त्यांना कोणाशीतरी दोन शब्द साधे बोलायचे असतात, ते तुला ठाऊक आहे. माझ्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "काय मास्तर, तिचा ताप उतरला का?"

"कोणाचा?"

"अहो, परळच्या राधेचा. माझ्या मागे बसायची होती ना ती? वकीलसाहेब म्हणाले, तापाने फणफणली आहे. म्हणून त्यांच्या भाचीला घेतलं. उर्मिला गुणी मुलगी हो, पण तिचं अर्धं लक्ष मैत्रिणींकडे. तोडीत तंबोरा मध्येच थांबायचा आणि मी हवेत. राधा असती तर ही पाळी आली नसती."

शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे. खरे बोलण्यावर माझ्याइतके कोणी लिहिले नसेल. आणि मी बुवांना काय म्हणालो? "उतरेल."

कारण, कमलाकांत, दहा तारखेला तू मला कोपऱ्यात घेऊन सांगितले होतेस ते काही वेगळेच होते. "अच्युत, बुवा अडून बसलेत. म्हणतात, मागे घरंदाज मुलगी हवी. जुन्या वळणाचा माणूस, आपण काय करणार! परळला तूच सांग. तुझ्या तोंडून त्यांना लागणार नाही." तुझा चेहरा इतका कष्टी होता की मीच तुझ्या पाठीवर हात ठेवला.

एका माणसाला ताप दिलास, दुसऱ्याला जातीची घमेंड दिलीस, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. कोर्टात तू जिंकतोस यात मला आता नवल वाटत नाही.

मी मास्तर आहे, तेव्हा थोडी उजळणी करून घेतो. दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, गोळीबार चालू होता आणि तू परळला अडकलास. बाहेर संचारबंदी. गिरणीतल्या बुधाजीने तुला हाताला धरून चाळीतल्या आपल्या खोलीत ओढले. बाहेर शांत होईपर्यंत तू तिथे राहिलास. त्याच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, वाढलेली भाकरी तू खाल्लीस आणि परत आल्यावर ती सभेत सांगितलीस. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, भाकरी चांगलीच होती. पण मला घरी येऊन जे सांगितलेस ते सभेत सांगितले नव्हतेस. म्हणालास, "त्यांची मुलगी राधा भांडी घासताना गाते रे. आणि सुरात गाते. आपण गिरगावात बसून त्याच त्या पन्नास माणसांना काय ऐकवत असतो?"

आपल्या श्रवणभक्ती मंडळाला इतकी वर्षे मीच दिलेले ते जडजंबाल नाव तेवढे होते. काम त्याला त्या दिवशी मिळाले. परळचा रविवारचा वर्ग हा तुझा. मी नुसता हमाल. ट्राममधून तंबोरा नेताना कंडक्टर त्याचे अर्धे तिकीट मागायचा, आणि तू त्याच्याशी तंबोऱ्याच्या वयावरून वाद घालायचास. पहिल्या दिवशी मी नादाची उत्पत्ती समजावून दिली. बराच वेळ दिली. शेवटी कौसल्याबाई म्हणाल्या, "मास्तर, समदं समजलं. आता गानं कवा?" चाळ हसली, तू सगळ्यात मोठ्याने हसलास.

त्यांच्याकडे जलशाची जुनी परंपरा. ढोलकी आणि खडा आवाज त्यांना आपण काय शिकवणार होतो? त्यांनी आपल्याला ते ऐकवले, आपण त्यांना बैठकीचे गाणे ऐकवले. विलंबित खयाल चालू असताना बुधाजी पहिल्यांदा झोपला, दुसऱ्यांदा झोपला, आणि एके रविवारी समेला त्याची मान आपोआप हलली. तू मला कोपराने ढोसलेस. त्या दिवशी परतताना तुला ट्राममध्ये बसवत नव्हते.

आणि त्यांना बैठकीची रीत कोणी शिकवली? आपणच. गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसतो तो वाजवणारा नव्हे, तो शिकणारा, हे तूच समजावलेस. ती जागा विकत मिळत नाही, वशिल्याने मिळत नाही. गवई स्वतः 'ये' म्हणतो तेव्हाच मिळते, आणि त्याने मान वळवून खूण केली तर मागच्याने सूर द्यायचा. गेल्या पावसाळ्यात तू बुवांना वर्गात घेऊन आलास. राधेने तंबोरा धरला. बुवा डोळे मिटून बसले, मग म्हणाले, "जानेवारीत गिरगावात माझ्या मागे बस." ही जागा काय असते हे आपण शिकवले नसते, तर त्या पोरीला त्याचे एवढे काही वाटलेही नसते.

अकरा तारखेला मी परळला गेलो. चाळीतल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी गिरगावात यायचे ठरवले होते. कोणी कोणाच्या घरी मुले ठेवायची, तेही ठरले होते. राधा तंबोऱ्याच्या तारा पुसत होती. मी तुझे वाक्य सांगितले. 'घरंदाज' हा शब्द गाळला, त्याच्या जागी 'ओळखीतली' घातला. इतकी वर्षे भाषा शिकवतो, त्याचा एवढाच उपयोग.

बुधाजी म्हणाला, "बुवांचंच म्हननं हाय न्हवं? मग काय इलाज. त्यांचं गानं, त्यांची मर्जी." राधेने तंबोऱ्याला गवसणी घातली आणि चहा ठेवला.

बुवांशी बोलणे झाले त्याच दिवशी दुपारी मी पुन्हा तिथे गेलो. तुझ्या तुटक्या वहाणा ओढत. जाण्याआधी तुझ्याकडे यायला हवे होते, असे तू म्हणशील. आलो असतो तर तू मला जाऊ दिले नसतेस, हे तुलाही माहीत आहे.

सगळे सांगितले. ताप सांगितला, भाची सांगितली. बुधाजीने भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिले. नागपूरहून दीक्षा घेऊन येताना त्याने ती आणली, आणि टांगायला खिळा तूच ठोकलास, हे तुझ्या लक्षात असेल. मग म्हणाला, "मास्तर, परतापगडाच्या मोर्च्याला आमी संगं गेलो. घाटात वकीलसाहेबांचा घसा बसला, तवा त्यांच्या घोषना मी दिल्या. ते माझ्या खांद्यावर हात टाकून चालले. त्यो हात कुनाचा व्हता वो?"

कौसल्याबाई म्हणाल्या, "हात त्यांचाच. मोर्च्यातला येगळा, घरातला येगळा."

"तू गप गं."

"का गप? भाकर मी थापली व्हती."

मी गप्प होतो, त्यामुळे मला कोणी गप्प केले नाही.

आता सुमतीवहिनींबद्दल. त्यांना रागावू नकोस. चहा देताना त्यांच्याने राहवले नाही. म्हणाल्या, "भावजी, चार जुने सभासद घरी आले होते. म्हणत होते, वर्ग परळला चालवा, आमची ना नाही. पण आमच्या गादीवर, त्या वस्तीतली? आम्ही खाली बसायचं आणि ती वर? हे म्हणाले, आत्ता फूट नको. आधी महाराष्ट्र होऊ द्या, मग हे सगळं बघू."

ते वाक्य मी रात्रंदिवस घोकतो आहे. आधी महाराष्ट्र, मग राधा. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून तू तुरुंगात जाऊन आलास. मी तुला डबा घेऊन आलो होतो. त्या महाराष्ट्रात परळ आहे ना, कमलाकांत? नकाशात तर दिसते. दिल्लीवाले म्हणतात, राज्याची मागणी रास्त असेल, पण वेळ योग्य नाही. त्यावर तू शिवाजी पार्कवर किती संतापला होतास! तुझ्या दिवाणखान्यात तेच वाक्य मराठीत बोलले गेले आणि बोलणारा तू होतास.

तू भित्रा असतास तर मी हसून सोडून दिले असते. मीही काही वाघ नव्हे. पण तू गोळीबारात घराबाहेर पडणारा माणूस. बंदुकीला भ्याला नाहीस आणि उपरण्यांना भ्यालास. चार सभासद सोडून गेले असते, मंडळ गरीब झाले असते, आपण सतरंजीवर बसलो असतो. हे तू मला सांगितले असतेस तर आपण भांडलो असतो, आणि भांडून काहीतरी काढले असते. तू सांगितले नाहीस. मला खोटा निरोप देऊन पाठवलेस, कारण त्या घरात माझ्या शब्दाला किंमत आहे. ती किंमत तू खर्च केलीस. माझी होती रे ती.

काल रविवार. नेमाप्रमाणे मी परळला गेलो. वर्गात जाजम अंथरलेले होते, हे मुद्दाम लिहितो. ती माणसे आपल्यापेक्षा सभ्य आहेत. पण बसायला बुधाजी आणि एक म्हातारे, दोघेच. बायका दारात उभ्या राहून मला 'बरं हाय का' विचारून गेल्या. बुधाजी म्हणाला, "वकीलसाहेबांनी यावं. भाषान नको. खोटं बोललो, एवढं म्हनावं, चा घ्यावा, जावं. आमी काय फासावर देतो का?"

तेव्हा हे माझे म्हणणे: येत्या रविवारी चल. ट्रामने चल, मी नाक्यावर उभा राहतो. आणि त्यानंतर बुवांनाही तूच सांग की तिला ताप नव्हता. मी सांगू शकतो, पण मी सांगितले तर ती चहाडी होईल. तू सांगितलेस तर निदान कबुली. नाही आलास तर मंडळाच्या चिटणीसपदाचा माझा राजीनामा समज. त्याला संस्कृत वचनांची तोरणे बांधणार होतो, पण राहू दे.

इतके लिहिले, तरी ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिले नाही.

बारा तारखेला मी सगळे सांगून निघालो तेव्हा राधा जिन्यापर्यंत पोचवायला आली. अकराला मी बुवांचा म्हणून नकार सांगितला, तेव्हा ती रडली नव्हती. बुवा परके, एकदा ऐकून गेलेला मोठा माणूस. खरे कळल्यावरही रडली नाही. खालच्या पायरीवर थांबली आणि मला विचारले, "मास्तर, तुम्ही दोघं म्हणायचात, माझा सूर चांगला लागतो. ते तरी खरं होतं का? का आमचं मन राखायला?"

मी म्हणालो, खरं होतं. बुवांनी आज काय म्हटले तेही सांगितले. ती ऐकत होती, मान डोलावत होती, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही. कसा बसावा? आदल्या दिवशी त्याच तोंडाने मी तिला बुवांचा नकार सांगितला होता.

काल ती वर्गाला आली नाही. कौसल्याबाई म्हणाल्या, घरातही तिचा आवाज निघत नाही. कोणी म्हण म्हटले तर उठून जाते. मंडळाचे काय होईल याची मला फारशी काळजी नाही, तुझ्यामाझ्या मैत्रीचीही, खरे सांगतो, या घटकेला नाही. ती मुलगी पुन्हा गाईलच असे मला वाटत नाही, आणि तिला गायला लावील असा एकही शब्द माझ्याजवळ उरलेला नाही. मी फार घाबरलो आहे, कमलाकांत.

अच्युत