रागाचा तक्ता

५ ऑगस्ट
पुतणी डिंपल एम.ए.साठी रागावर संशोधन करते आहे. मला तक्ता दिला. दहा दिवस रोज स्वतःच्या रागाला शून्य ते दहा मार्क द्यायचे. बरं झालं. पंधराला ग्रामसभेत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडणार, तिथे हाच पुरावा ठेवीन. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पॅसेंजर उतरवले, आवाज चढवला नाही. आजचा राग शून्य.

७ ऑगस्ट
शेजारच्या इंद्रकुमारने माझ्या धानाच्या बांधीचं पाणी पुन्हा स्वतःच्या शेताकडे वळवलं. त्याला नालायक म्हटलं. ही शिवी नव्हे, माहिती आहे. हातात फावडं होतं ते कामासाठी. शून्य.

९ ऑगस्ट, सकाळी
भाजीत मीठ नाही. ताट सरकवलं, ते अंगणात गेलं. बायको शामकला म्हणे, काऊन एवढे चिडून राहिले? चिडलो नाही हे तिला चार वेळा समजावलं. चौथ्यांदा गल्लीलाही समजलं. शून्य.

११ ऑगस्ट
डिंपल म्हणते, माणसाचं स्वतःबद्दलचं सांगणं पुरत नाही, म्हणून माझ्यावर निरीक्षकही नेमलाय. मी ओरडलो की खूण करतो. कोण, ते सांगेना. इंद्रकुमारच असणार! त्याला गाठून बजावलं, शांत माणसावर पाळत ठेवशील तर तंगडं मोडीन. अर्धा मार्क लिहिला होता. खोडला.

१४ ऑगस्ट
दहा शून्यं पूर्ण. उद्या कमी बोलायचं, मंद हसायचं. आरशात हसून पाहिलं. शामकला दचकली.

१५ ऑगस्ट, दुपारी
ग्रामसभेत तक्ता वाचला. एकही टाळी नाही. डिंपलला म्हटलं, निरीक्षकाचा आकडा वाच. ती म्हणे, काकाजी, नियम हाय, सांगता येत नाई. टेबलावर हात आपटून म्हटलं, वाच! सरपंचांचा चहा सांडला. तिने वाचलं, सत्त्याहत्तर. मी इंद्रकुमारची कॉलर धरली. तेवढ्यात मागून शामकला उठली. म्हणे, त्यायले सोडा, खुणा म्या केल्या.
माझं नाव कोणी सुचवलंच नाही.

संध्याकाळी
शामकलाला विचारलं, सत्त्याहत्तर कसे? म्हणे, शेजाऱ्यायले आयकू गेलं तेवढंच मांडलं. घराच्या अंदर बोलता थे मांडाचं भेव लागे.
अजूनही लागतं का, हे विचारायचं होतं. हळू आवाजात कसं विचारतात ते सुचेना.